कमी दाखवल्याबद्दल आभार

इजिप्तमधल्या लक्सरच्या आमच्या गाईडताईंना,

स. न. वि. वि.

तुमचं नाव इथे लिहीत नाही. तुमची परवानगी घ्यायची राहून गेली. पण मराठी बायकांचा घोळका आणि त्यात नऊवारीवर उन्हाची टोपी घातलेली, गुडघ्याला पट्टा लावलेली माझी आई, एवढं सांगितलं तरी आम्ही लक्षात येऊ. पत्र मराठीतच लिहितेय, कारण इथून पुढे जे लक्सरला जातील त्यांच्याही नजरेखालून ते जावं असं वाटतं. तुमचा फोनच तुम्हाला भाषांतर करून देईल. कुठे काही विचित्र वाटलं तर ते त्याच्या नावावर घाला.

आभार मानायचे आहेत ते तुम्ही आम्हाला कमी दाखवलंत याबद्दल.

आमच्याकडे सहलीचा हिशोब ‘पॉइंट’वर चालतो. किती पॉइंट झाले, किती राहिले, शेजारच्या ग्रुपचे आपल्यापेक्षा जास्त झाले का. कैरोत आमचं तसंच झालं होतं. पिरॅमिड, स्फिंक्स, म्युझियम, अत्तराचं दुकान, पपायरसचं दुकान. संध्याकाळपर्यंत आईने हात टेकले. ‘यातला रामसेस राजा कुठला?’ असं तिने विचारलं, तेव्हा आमच्या टूर मॅनेजरने ‘अकरा होते, काकू’ असं सांगून विषय संपवला. खरं आहे ते, अकराच होते, पण अशा उत्तराने कोणाचं काय भलं होणार?

तुम्ही पहिल्याच दिवशी कर्नाकच्या देवळात वेगळं वळण दिलंत. मोठ्या सभामंडपात 134 खांब आहेत, हे कुठल्याही माहितीपत्रकात मिळतं. तुम्ही आम्हाला मधल्या रांगेतल्या एका खांबाशी उभं केलंत आणि म्हणालात, बाकीचे सोडा, इथून वर बघा. जवळजवळ 21 मीटर उंचीवर, जिथे ऊन-वारा पोचत नाही त्या दगडी तुळयांच्या पोटाला, निळा आणि लाल रंग अजून टिकून आहे. तो दिसायला आम्हाला वेळ लागला. तुम्ही तो वेळ दिलात, मागून दुसरे ग्रुप ढकलत असतानाही.

लक्सरच्या देवळातल्या ओपेत उत्सवाच्या शिल्पांपाशीही तसंच. अमुन देवाची नाव पुरोहितांच्या खांद्यावर, पुढे वाजंत्री, सजवलेले बैल, मागे लोक. आईला तुमचं इंग्रजी कळत नव्हतं, पण ती मला म्हणाली, ‘पालखी आहे, एवढं काय समजवायचं त्यात.’ मी ते तुम्हाला सांगितलं आणि तुम्ही वर बोट दाखवलंत. त्याच देवळाच्या आवारात अबू हग्गाग या संताची मशीद आहे. तिचं जुनं दार आता जमिनीपासून पार वर लटकल्यासारखं दिसतं, कारण मशीद बांधली तेव्हा देऊळ गाळाखाली गाडलेलं होतं आणि जमीनच तिथवर आली होती. त्या संताच्या मौलिदला, म्हणजे उरुसाला, आजही लक्सरच्या रस्त्यांवरून नावा मिरवतात, हे तुम्ही सांगितलंत. माहितीचे ढीग ऐकले होते, पण कुठली गोष्ट कुणाला सांगायची हे कळणारं माणूस क्वचित भेटतं.

राजांच्या खोऱ्याबद्दल थोडक्यात. थडग्यांच्या आत गाईडला बोलायची मुभा नाही, हे आम्हाला माहीत नव्हतं. तुम्ही बाहेरच सावलीत लॅमिनेट केलेली चित्रं उघडलीत आणि सहाव्या रामसेसच्या थडग्यासाठी एकच सूचना दिलीत: भिंती नंतर, आधी छत. आकाशाची देवी नुत संध्याकाळी सूर्य गिळते, तो रात्रभर तिच्या अंगातून प्रवास करतो आणि सकाळी ती त्याला जन्म देते. हे बाहेर ऐकून आत गेलं की मान दुखेपर्यंत वर बघावंसं वाटतं. आत कोणी पहारेकरी ‘स्पेशल फोटो’साठी खुणावेल, हेही तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतं. खुणावलंच.

आता मुख्य. कार्यक्रमात पुढे अलाबास्टर दगडाच्या वस्तूंची फॅक्टरी छापलेली होती. तुम्ही ग्रुपला विचारलंत, तेवढ्या वेळात दैर अल-मदिना दाखवू का? दगडी मांजर संध्याकाळी बाजारातही मिळेल. दोघी-तिघी कुरकुरल्या, बाकीच्या हो म्हणाल्या. तिथलं कमिशन तुमचं बुडलं असणार, त्याचे वेगळे आभार.

राजांची थडगी खोदणाऱ्या, रंगवणाऱ्या कारागिरांचं हे गाव. एकाला एक लागून घरं, मधून गल्ली, भिंती आता खालच्या तेवढ्या उरल्यात. बाकी सगळ्या त्यांच्यातल्याच सेन्नेजेम या कारागिराचं थडगं बघायला उतरल्या. जिना उभा आणि बुटका, आईला शक्य नव्हतं. तुम्ही पहारेकऱ्याकडून खुर्ची मागून आणलीत आणि तिच्याशेजारी उकिडव्या बसलात. आत जाऊन तुम्हाला बोलता येणारच नव्हतं म्हणून वेळ होता, असं तुम्ही म्हणालात. असेलही.

मग तुम्ही त्या कारागिरांच्या खाड्यांच्या रजिस्टरचं चित्र दाखवलंत. चुनखडीच्या चपट्या दगडावर शाईने लिहिलेली हजेरी, दुसऱ्या रामसेसच्या कारकिर्दीच्या 40 व्या वर्षातली, आता ब्रिटिश म्युझियममध्ये असलेली. कोणाला विंचू चावला, कोणाचे डोळे आले, कोणी बिअर गाळत होता. आणि घरात बायको किंवा मुलगी बाजूला बसली म्हणून पुरुषाचा खाडा. हे भाषांतर करताना मी जरा अडखळले. आई मात्र खो खो हसली. ‘आमच्यात बाई बसायची, इथे गडीच बसला!’

त्यानंतर तुम्ही संपाचं सांगितलंत. तिसऱ्या रामसेसचं 29 वं वर्ष, इ.स.पू. बाराव्या शतकाचा मध्य. कारागिरांना मजुरी धान्यात मिळायची आणि ते धान्य थकलं. महिन्याचे 18 दिवस उलटले, आम्ही उपाशी आहोत, असं म्हणत ते हत्यारं ठेवून निघाले आणि एका राजाच्या देवळामागे जाऊन बसले. नोंद असलेला जगातला हा बहुधा पहिला संप. ही नोंद ज्या पपायरसवर, म्हणजे तेव्हाच्या कागदावर, आहे तो आज इटलीत तुरिनला आहे.

आईचं हसू थांबलं. ‘मग मिळालं का धान्य?’

तुम्ही म्हणालात, मिळालं. पण पुन्हा थकलं, आणि ते पुन्हा बसले.

ती बराच वेळ त्या घरांच्या रांगेकडे बघत राहिली. मग तिनेच तुम्हाला सांगायला सुरुवात केली आणि मी मध्ये दुभाषी. माझे वडील लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. संप सुरू झाला 18 जानेवारी 1982 ला, दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. रेशनवर उधारी, गावाकडून येणारे तांदूळ, आईने चाळीत चालवलेली खानावळ. हे सगळं ती आम्हा मुलांनाही सलग कधी सांगत नाही. तुम्ही एकदाही घड्याळ बघितलं नाहीत.

तुम्ही विचारलंत, तुमच्या संपाचं पुढे काय झालं? तेवढ्यात बाकीच्या वर आल्या, बस सुटायची घाई झाली आणि उत्तर राहिलं. ते आता लिहिते. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. गिरण्या एकेक करून बंद पडल्या. त्यांच्या जमिनींवर मॉल आणि टॉवर आले. काही कामगारांना आणि त्यांच्या वारसांना सरकारी लॉटरीत घरं लागली, पुष्कळ जण अजून वाट बघताहेत. आईचा अर्ज भरलेला आहे. नंबर लागला तर तुम्हाला कळवायचं, असं तिने बजावलंय.

आपली,
लालबागची एक प्रवासी