अण्णांचे बोलणे पुरते ऐकून घेणाऱ्या मिस्त्रींना

आदरणीय मिस्त्री,
स. न. वि. वि.

आपले नाव कुठे येऊ नये, असे आपण बजावून सांगितले होते, म्हणून ते येथे लिहीत नाही. परंतु आभार चारचौघांत मानल्यावाचून माझ्याने राहवत नाही. गच्चीवरचा पाणी तापवण्याचा सोलर आपण दुरुस्त करून दिलात, त्याला महिना होत आला. तरीही सकाळी न्हाणीघरातून अण्णांची "पाणी कढत आहे, विसण घाल" अशी हाक आली, की माझा गळा दाटून येतो.

ऐन जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, सोलापुरात जी काही थंडी पडते ती पडलेली असताना, आमच्या नळाला कोमट पाणी येऊ लागले. सोलर बसवताना पुढच्या सेवेची तोंड भरून हमी देणाऱ्या दुकानदाराने फोन उचलणे बंद केले. कंपनीकडून आलेल्या तरुणाने टाकीवर दोन थापा मारल्या, सोलरच्या काचेच्या नळ्यांना हातही न लावता "टाकी गेली, नवीनच घ्या" असा निकाल दिला आणि येण्याजाण्याचे पैसे घेऊन तो निघून गेला. पैशांचे दुःख नाही. दुःख याचे आहे, की खाटेवरून अण्णा काहीतरी सांगू पाहत होते आणि त्याने त्यांच्याकडे पाठ करून हिशेब मला सांगितला. त्याच्यानंतर आलेल्यांनीही तेच केले.

माझ्या वडिलांनी उमेदीची सारी वर्षे अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत, टॉवेलच्या कारखान्यात बॉयलरवर काढली. जड पाणी तापले, की त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार कसे सुटतात, धातूला कसे धरतात आणि त्या थरामुळे जळण वाढूनही वाफ कशी कमी पडते, हे त्यांना कोणी शिकवायला नको. पक्षाघातानंतर त्यांची जीभ जड झाली आहे आणि एक वाक्य पुरे व्हायला वेळ लागतो, एवढेच. महापालिकेचे पाणी आमच्याकडे काही दिवसांआड येते, त्यामुळे वरची टाकी बहुतेक बोअरच्या जड पाण्यावरच चालते, हे ध्यानात घेऊन ते पहिल्या दिवसापासून "क्षार आहे, नळ्या काढा" असेच सांगत होते.

आपण आलात ते उजाडण्यापूर्वी. रिकामी नळी उन्हात राहिली, की भयंकर तापते आणि मग तिच्यात गार पाणी शिरले तर ती तडकते, म्हणून हे काम ऊन चढण्याआधीच उरकायचे असते, असे आपण सांगितले. एवढ्या गारठ्यात केवळ आमच्या काचा वाचाव्यात म्हणून कोणी पहाटे घराबाहेर पडतो, याचेच मला अप्रूप वाटले होते.

पण मी जन्मभर विसरणार नाही, ती गोष्ट त्यानंतरची आहे. गच्चीवरून उतरताना आपण एक नळी सोबत आणलीत आणि मी पुढे केलेली खुर्ची बाजूला सारून अण्णांच्या खाटेशी जमिनीवर बसलात. नळी त्यांच्या मांडीवर आडवी ठेवलीत. तिचे टोक चंदेरी असायला हवे होते. ते पांढरेफटक पडले होते, म्हणजे उष्णता धरून ठेवणारी दोन काचांमधली निर्वात पोकळी गेली होती, हे आपण मला नव्हे, त्यांना दाखवलेत. मग नळीतून निघालेल्या क्षाराच्या पापुद्र्यांपैकी एक, अंड्याच्या कवचाएवढा जाड, त्यांच्या चांगल्या हातावर ठेवून विचारलेत, "अण्णा, बॉयलरला असा थर धरला की तुम्ही काय करायचा?" आणि आपण थांबलात. अण्णांनी तो पापुद्रा अंगठ्याने चुरडला, शब्द जुळवायला त्यांना बराच वेळ लागला, मी सवयीने मध्ये बोलू लागलो तेव्हा आपण हाताने मला थांबवलेत आणि त्यांचे उत्तर शेवटच्या शब्दापर्यंत ऐकून मगच वर गेलात.

आजारपण आल्यापासून अण्णांना कामाचे काही विचारणारे आपण पहिलेच. त्या दिवशी ते दुपारपर्यंत बोलत होते.

आपण टाकी बदलायला लावली नाहीत. खराब झालेल्या तेवढ्याच नळ्या बदलल्यात, बाकीच्या धुऊन बसवल्यात आणि पैसेही तेवढ्यांचेच घेतलेत. सचोटीने काम करणारी माणसे आपल्या सोलापुरात आजही आहेत. त्यांच्या नावाच्या पाट्या मोठ्या नसतात आणि ती दारोदार जाहिरात करत नाहीत, म्हणून ती आपल्याला उशिरा सापडतात. आम्हाला आपण सापडलात, याबद्दल आमचे सारे घर आपले ऋणी आहे.

पावसाळा सरला, की नळ्या पुन्हा काढून धुवायच्या, असे अण्णांनी आताच ठरवून ठेवले आहे. त्या वेळी आपल्यालाच बोलावणार आहोत. या खेपेस घाईत आपण चहाही घेतला नाहीत. तेव्हा मात्र जेवल्याशिवाय जाऊ देणार नाही.

कळावे, लोभ असावा.

आपला ऋणी,
अण्णांचा थोरला मुलगा, सोलापूर