‘६० टक्के शुद्ध युरेनियम’ हा शब्दप्रयोग टाळावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इराणच्या अणुकार्यक्रमाविषयीच्या बातम्यांत ‘६० टक्के शुद्ध युरेनियम’ असे शब्द अधूनमधून वाचायला मिळतात, वाहिन्यांवरही ते ऐकू येतात. आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवल्यामुळे असेल, पण त्यातला ‘शुद्ध’ हा शब्द मला दर वेळी खटकतो. वाचणाऱ्याची समजूत होते की उरलेले ४० टक्के म्हणजे माती, दगड किंवा दुसरा एखादा धातू असणार. प्रत्यक्षात ते ४० टक्केही युरेनियमच असते, आणि रसायनशास्त्राच्या दृष्टीने तितकेच शुद्ध असते.

युरेनियमच्या प्रवासात शुद्धीकरणाची पायरी आहे, पण ती फार आधी येते. खाणीतून काढलेले खनिज दळून सल्फ्युरिक आम्लात विरघळवतात. दगड चुन्याच्या जातीचा असला तर आम्ल त्यातच खर्ची पडते, म्हणून तेथे कार्बोनेटचे द्रावण वापरतात. जगातील निम्म्याहून अधिक युरेनियम आता दगड न फोडताच निघते. जमिनीखालच्या वाळूच्या थरात एका बोअरमधून द्रावण सोडायचे आणि युरेनियम विरघळवून घेऊन आलेले तेच द्रावण दुसऱ्या बोअरमधून उपसायचे, अशी ही पद्धत असून उत्पादनात पहिला असलेला कझाकस्तान तिच्यावरच अवलंबून आहे. द्रावणातून वेगळे केलेले युरेनियम शेवटी साक्याच्या रूपाने खाली बसवतात. त्याला ‘यलोकेक’ म्हणतात. नावात पिवळा रंग असला तरी भट्टीत चांगली भाजलेली भुकटी गडद हिरवी, जवळजवळ काळी दिसते. पुढे तिच्यातील उरलीसुरली इतर मूलद्रव्येही काढून टाकतात. ‘शुद्धीकरण’ हा शब्द येथपर्यंत अगदी योग्य आहे.

या शुद्धीकरणाची एक बाजू बातम्यांत क्वचितच येते, म्हणून थोडे विषयांतर करतो. युरेनियम काढून घेतल्यावर खनिजातील किरणोत्साराचा सुमारे ८५ टक्के भाग मागे राहिलेल्या गाळातच असतो, कारण युरेनियमच्या क्षयातून निर्माण झालेले थोरियम-२३० आणि रेडियम-२२६ त्याच्याबरोबर न जाता तेथेच उरतात. रेडियमचे अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू क्षय पावायला लागणारा काळ, १६०० वर्षांचे आणि या थोरियमचे सुमारे ७५ हजार वर्षांचे. थोरियमपासून रेडियम आणि रेडियमपासून रेडॉन वायू तयार होत राहतो. पिंपात भरून परदेशी जाणाऱ्या भुकटीची चर्चा सर्वत्र होते. गाळाचा तलाव मात्र खाणीशेजारच्या वस्तीच्या वाट्याला येतो आणि त्यावरचे मातीचे आच्छादन कितीतरी पिढ्या सांभाळावे लागते. त्याबद्दल वृत्तपत्रांनी अधिक लिहावे, असे मला मनापासून वाटते.

आता मूळ मुद्दा. निसर्गातील युरेनियमच्या दर १००० अणूंपैकी साधारण ७ अणू युरेनियम-२३५ चे असतात आणि बाकीचे जवळजवळ सगळे युरेनियम-२३८ चे. दोघांचे रासायनिक वर्तन सारखेच असल्यामुळे कोणतेही आम्ल त्यांना वेगळे करू शकत नाही. फरक आहे तो वजनातला, तीन न्यूट्रॉनांचा. हा फरक कामी आणण्यासाठी युरेनियमचा फ्लोरीनशी संयोग करून हेक्झाफ्लोराइड बनवतात. हा पांढरा स्फटिक साधारण ५६ अंश सेल्सिअसला, कापरासारखा, न वितळताच वायुरूप होतो. फ्लोरीनची निवड मोठी समर्पक आहे, कारण निसर्गात त्याचा एकच समस्थानिक, म्हणजे एकाच वजनाचा अणू, आढळतो. त्यामुळे रेणूंच्या वजनात जो काही फरक पडतो तो केवळ युरेनियममुळे पडतो. तरीही तो ३४९ विरुद्ध ३५२ एवढाच, म्हणजे एक टक्काही नाही. अतिवेगाने फिरणाऱ्या सेंट्रिफ्यूजमध्ये जड रेणू किंचित अधिक प्रमाणात भिंतीकडे सरकतात, मध्याजवळचा थोडा हलका वायू पुढच्या यंत्रात जातो, आणि अशी असंख्य यंत्रे साखळीने जोडल्यावर कोठे २३५ चे प्रमाण वाढू लागते. ही क्रिया म्हणजे समृद्धीकरण.

टक्केवारीने होणारी दिशाभूल मी वर्गात मण्यांनी दाखवत असे. हजार मणी घ्या, त्यांत ७ लाल. एकही लाल मणी वाया जात नाही असे समजा. लाल मण्यांचे प्रमाण ४ टक्के करण्यासाठी ८२५ पांढरे मणी काढावे लागतात, उरतात १७५. त्यांतून आणखी १४० काढले की ३५ उरतात आणि प्रमाण २० टक्के होते. ६० टक्क्यांना जवळपास १२ मणी उरतात आणि अण्वस्त्रासाठी साधारणपणे लागणाऱ्या ९० टक्क्यांना जेमतेम ८. म्हणजे ६० आणि ९० यांच्यामध्ये चारच मणी आहेत. वाचकाला मात्र ‘६० टक्के’ म्हटल्यावर अजून बरीच वाट शिल्लक आहे असे वाटते. बड्या राष्ट्रांशी झालेल्या २०१५ च्या अणुकरारात इराणवर ३.६७ टक्क्यांची मर्यादा का घातली होती, हेही या मण्यांवरून उमगते: वीजनिर्मितीच्या बहुतेक अणुभट्ट्यांना ३ ते ५ टक्के पुरतात, आणि तेथवर पोहोचताना निवडण्याचे बहुतांश काम आधीच उरकलेले असते.

शिवाय ज्याला आपण नकळत ‘अशुद्ध’ ठरवतो ते युरेनियम-२३८ निरुपयोगी नाही. साध्या पाण्याच्या अणुभट्टीत त्याचा काही भाग न्यूट्रॉन शोषून प्लुटोनियम होतो, आणि तेथे मिळणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे एक तृतीयांश ऊर्जा या प्लुटोनियमच्या विखंडनातून येते. जड पाण्याच्या अणुभट्ट्या तर समृद्धीकरण न केलेल्या, १००० मध्ये ७ अशा नैसर्गिक युरेनियमवरही चालतात.

म्हणून विनंती अशी की, आपल्या वृत्तपत्रात यापुढे ‘६० टक्के समृद्ध’ असे छापावे आणि बातमीत एकदा तरी ‘युरेनियम-२३५ चे प्रमाण’ हे शब्द यावेत. मथळ्यात त्यासाठी एखाद्या अक्षराचीच जागा अधिक लागेल.

आपला नम्र,
एक निवृत्त विज्ञानशिक्षक