मुळातच एक आहे, तर परत एक कशाला?

नागपूर
डिसेंबर, रविवार रात्र

प्रिय लंब्या,

दिवाळीत तुझा फोन आला तेव्हा "रात्री करतो" म्हणालो, त्याला महिना उलटून गेला. रागावला असशील. पण पत्र पूर्ण वाच आणि मग रागाव. जे झालंय ते घरी सांगून पाहिलं, सगळ्यांनी मान डोलावली आणि चहा पुढे केला. तुला लॅबमधली ती रात्र आठवते, म्हणून तुलाच कळेल.

आईचा गुडघा बरा आहे, माझी शुगर होती तशीच. थंडी मस्त पडलीय. अधिवेशनामुळे सिव्हिल लाइन्सकडे गाडी काढायची सोय नाही, मेट्रोनं जातो.

आता ऐक. आमचं एक गिऱ्हाईक संत्र्याचा व्यापार करतं. आंबिया बहाराचा माल जोरात आहे. शेतकऱ्याच्या पट्टीतून, म्हणजे विक्रीच्या हिशेबातून, हमाली आणि तोलाई कापतात, त्याचे दर डेटाबेसमधल्या एका टेबलात असतात. हमालीचा नवा दर टाकायचा होता. जूनमध्ये आमच्याकडे एक पोरगी लागली, काटोलकडची, बापाची स्वतःची बाग आहे. तिनं टेस्टच्या डेटाबेसात नवी ओळ टाकली, जुन्या ओळीची मुदत संपवायची राहून गेली, आणि सगळ्या टेस्ट (आमचा कोड बरोबर चालतो का ते तपासणारे छोटे प्रोग्राम) चालवल्या. प्रत्येक ओळीला ओके. शेवटी कंसात बारीक अक्षरात 'कॅश्ड', म्हणजे मागचा साठवलेला निकाल. रात्री तोच बदल खऱ्या डेटाबेसात गेला आणि सकाळी 19 पट्ट्यांत हमाली दोनदा कापली गेली. दुपारपर्यंत सगळे पैसे परत केले, पण एक म्हातारा शेतकरी पट्टी हातात धरून तासभर काउंटरसमोर उभा होता म्हणे.

ती चूक पकडणारी टेस्ट आमच्याकडे होती रे! ती चाललीच नाही. आमचा कोड गो या प्रोग्रॅमिंग भाषेत आहे. गो 1.10 पासून, म्हणजे फेब्रुवारी 2018 पासून, पॅकेजचं (कोडच्या गठ्ठ्याचं) नाव देऊन टेस्ट चालवली आणि काही बदललेलं नसलं तर गो मागचाच निकाल छापतं. कोड बदलला का, मॉड्यूलमधल्या वाचलेल्या फाइली बदलल्या का, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल बदललं का, एवढं ते बघतं. तारेच्या पलीकडच्या डेटाबेसात काय बदललं ते त्याला कसं कळणार?

मी तिला सगळ्यांसमोर झापलं. "कॅश्ड दिसलं नाही का? -काउंट=1 द्यायचं, एवढंही माहीत नाही?" ती काही बोलली नाही. तिनं लॅपटॉप माझ्याकडे वळवला. 'गो हेल्प टेस्टफ्लॅग' हे टेस्टच्या फ्लॅगचं, म्हणजे कमांडला जोडून द्यायच्या सूचनांचं, मदतीचं पान आदल्या संध्याकाळपासून उघडंच होतं. -काउंटसमोर लिहिलेलं: प्रत्येक टेस्ट इतक्या वेळा चालवा, न सांगितल्यास 1. म्हणाली, "दादा, कॅश्ड बघूनच मी हे वाचलं होतं. मुळातच एक आहे, तर परत एक लिहून काय फरक पडणार, असं वाटलं."

लंब्या, मला उत्तर देता येईना. तिचा तर्क बरोबर होता. लिहिलेलंच अपुरं होतं.

मग रात्री बसून सगळं चाळलं. 'गो टेस्ट -एच' केलं तर दोनच ओळी येतात, आणि त्यातली दुसरी सांगते की 'गो हेल्प टेस्ट' आणि 'गो हेल्प टेस्टफ्लॅग' बघा. कॅश टाळायची रीत म्हणजे -काउंट=1, हे वाक्य आहे, पण 'गो हेल्प टेस्ट'मध्ये. -काउंट स्वतः राहतो 'टेस्टफ्लॅग'मध्ये, आणि तिथे कॅशचा उल्लेखही नाही. -रेस हा आणखी एक फ्लॅग हवा असेल तर तिसरं दार, 'गो हेल्प बिल्ड'. सीताबर्डीत दुकान विचारावं आणि प्रत्येकानं पुढचा चौक दाखवावा तसं. खरी गंमत पुढे आहे. -रन, -शॉर्ट, -टाइमआउट, -व्ही असे काही ठरावीक फ्लॅग दिले तरी साठवलेला निकाल चालतो. -काउंट त्या यादीत नाही. म्हणून तो नुसता लिहिला की कॅश बंद, आकडा एक असला तरी. न लिहिलेला एक आणि लिहिलेला एक यांत फरक आहे!

आता आठवला का आपला मेसच्या हिशेबाचा प्रोजेक्ट? तू पानभर हेल्प लिहिली होतीस, उदाहरणांसकट, आणि सबमिशनच्या आदल्या रात्री लॅबमध्ये मी ती कापून दोन ओळींवर आणली. "ज्याला येतं त्याला लागत नाही, ज्याला येत नाही तो वाचत नाही," हे माझंच वाक्य. चार दिवस बोलला नाहीस. पाचव्या दिवशी पोह्यांवर माझ्या प्लेटमध्ये तीनदा तर्री ओतायला लावलीस आणि माझं नाक गळायला लागल्यावर म्हणालास, "आता बोलू." वाचणारा असतो, लंब्या. ती वाचत होती. तू तेव्हा बरोबर होतास, आणि हे मी लेखी देतोय, जपून ठेव.

तर मी गोच्या हेल्पसाठी पॅच (छोटी दुरुस्ती) करायला घेतलाय. ही हेल्प गो कमांडच्या सोर्समधल्या टेस्ट.गो फाइलमध्ये आहे. ऑलडॉक्स.गो तिच्यावरून तयार होते, ती हातानं बदलायची नाही. गूगलचा करार मान्य करायचा, मग बदल गेरिट या कोड तपासायच्या साइटवर तपासणीला जातो. मी -काउंटखाली एकच वाक्य जोडलंय: हा फ्लॅग स्वतः लिहिला, अगदी 1 म्हणून, तर साठवलेला निकाल वापरला जात नाही. कोणी म्हणेल, हे दुसऱ्या पानावर आहेच. पण -काउंटचा अर्थ शोधणारा माणूस -काउंटपाशीच येणार ना? उलट प्रत्येक फ्लॅगखाली असं लिहीत गेलो तर हेल्पची पोथी होईल, हेही दिसतंय. -एचमध्ये चार रोजचे फ्लॅग दाखवावे असंही फार वाटतंय, पण तो मोठा बदल आहे, आधी चर्चा लागेल.

झोप उडालीय ती मात्र वेगळ्याच गोष्टीनं. हा शोध तिचा आहे. पॅच तिच्या नावानं जायला हवा. पण मी "तू पाठव" म्हणालो तर तिला वाटेल, दादा झापल्याची भरपाई करतोय. माझ्या नावानं पाठवला तर ती सरळ चोरी. माफी मागितली मी, पण कँटीनमध्ये, एकटीला गाठून. झापलं होतं बारा जणांसमोर. दुसऱ्या दिवशी ती बागेतली संत्री घेऊन आली, सगळ्यांच्या टेबलावर दोन-दोन ठेवली, माझ्याही. अजून सोललेली नाहीत. त्यांतल्या एकाला देठाशी हिरवं पान आहे, ते आता वाळायला लागलंय.

उद्या स्टँडअपला, म्हणजे टीमच्या सकाळच्या छोट्या मीटिंगला, सगळ्यांसमोर माफी मागणार आहे, ते पक्कं. पॅचबद्दल त्याच वेळी बोलू की आठवडाभर थांबू, हे तू सांग. तुला माणसं माझ्यापेक्षा कळतात. आणि ते एक वाक्य सोबत पाठवतोय, तू नीट कर. कापू नकोस, हवं तर वाढव.

नव्या फ्लॅटचं पाणी आलं का? वहिनींच्या बदलीचं काय झालं? पोरीचा तबला सुरू आहे ना? फोनवर सविस्तर ऐकतो, या वेळी नक्की.

स्टँडअप साडेदहाला असतो. त्याआधी फोन कर.

तुझा,
गोट्या