सातव्या मात्रेवर

पुणे,
रविवार, रात्रीचे पावणेदोन

प्रिय रव्या,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला मी अकरा महिने लावले. कारण तुला ठाऊक आहे. पत्राच्या शेवटी तू जाता जाता जे टाकलं होतंस ना, 'मध्या, तू गाणं ऐकत नाहीस, ऐकताना दिसतोस', ते वाचलं आणि पत्र सरळ कपाटात वरच्या फळीवर शालींच्या खाली सारलं. आत्ता काढलं. डांबराच्या गोळ्यांचा वास लागलाय त्याला. अक्षर मात्र अजून तसंच घाणेरडं आहे.

तब्येत ठीक. साखर काठावर. उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला, डाव्याचा दिवाळीनंतर. नलूचा दमा आहे तसा आहे. झालं.

फोन करणार होतो. पण तू फोनवर हसायला लागलास की थांबत नाहीस, आणि हे सगळं एका दमात सांगायचं आहे.

अण्णांच्या शिऱ्यानं बंगल्याच्या दिवाणखान्यात गाण्याच्या बैठका सुरू केल्यात. दीड-दोन महिन्यांतून एक. सोफे बाहेर अंगणात काढतो, सतरंजीवर पांढऱ्या चादरी, भिंतीला चार लोड, मागे गुडघेवाल्यांसाठी प्लास्टिकच्या खुर्च्यांची एक ओळ. माइक नाही. पंखे बंद. आज मोजली, ५५ माणसं होती, आणि पंचावन्नांच्या चपलांचा ढीग जिन्यापाशी. खुर्ची मला दिली होती रे, पण तुला माझा स्वभाव माहीत आहे. म्हटलं, आपण खालीच बसणार. बसलो, ते थेट पहिल्या रांगेत, तंबोऱ्याच्या भोपळ्यापासून दोन हातांवर.

इतक्या जवळ बसायची सवयच गेली आहे आपली. रमणबागेत सवाईला बसायचो तेव्हा स्टेजवरचा माणूस अंगठ्याएवढा दिसायचा. तुझं ब्लँकेट, माझा थर्मास, आणि पहाटे भीमसेन येईपर्यंत एकमेकांना चिमटे काढून जागं ठेवणं. आता तर मुकुंदनगरात पडद्यावर बघायचं आणि रात्री दहाला घरी यायचं. इथे म्हणजे गाणारीच्या बांगड्या वाजल्या तरी ऐकू येतात. तान घेण्याआधीचा श्वास ऐकू येतो. पेटीचा भाता सुस्कारतो तो ऐकू येतो. आणि उलटही आहे बरं का. मांडी बदलताना माझा गुडघा कटकन वाजला, तर तिनं डोळे उघडून बघितलं. घड्याळाकडे बघायची सोय नाही, जांभई नाही, खोकला गिळायचा. किशोरीताईंसमोर गिळायचो तसा.

पोरगी तिशीतली असेल. काळी चार पट्टीचा गळा, खालचे स्वर भरीव. सुरुवातीला पूरिया धनाश्री. तंबोरे जुळत असताना शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली, आणि ती हसून म्हणाली, "जवळजवळ लागलाय." सगळे हसले आणि तिथेच बैठक जमली. मोठ्या हॉलमध्ये हे होत नाही. तिथे तंबोरे आत जुळवून आणतात, पडदा वर जातो आणि गाणं सुरू. इथे दहा मिनिटं नुसतं खुंट्या पिळणं, जवारीतला दोरा पुढे-मागे सरकवणं, तबल्यावर हातोडी, आणि सगळे गप्प. तेवढ्यात आपले कानही जुळून येतात.

मध्यंतरात चहा आणि साबुदाणा वडा. शिऱ्याच्या बायकोचे वडे तेलकट असतात, पण ते असो.

मध्यंतर संपेस्तोवर सव्वादहा झाले. ते २००० सालचे आवाजाचे नियम आले तेव्हा आपण किती चरफडलो होतो आठवतं? रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर बंद, म्हणजे उशिरा रात्रीचे राग, मालकंस, दरबारी, गेले बासनात. तू म्हणाला होतास की आता पोरांना मालकंस रेकॉर्डवरच ऐकायला मिळणार. बरं, इथे स्पीकरच नाही तर नियम कसला? तिनं तंबोऱ्याची पंचमाची तार उतरवून मध्यमाला लावली, म्हणजे आता मालकंस, आणि माझ्या पोटात हललं. उतरणाऱ्या तारेचा तो आवाज कितीतरी वर्षांत एवढ्या जवळून ऐकला नव्हता. मी शेजारच्या माणसाकडे बघून मान डोलवली. शेजारी कोण होतं? कुणीतरी बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. तू नव्हतास.

आता ऐक. विलंबित एकताल. अगदी संथ, बारा मात्रांचं एक आवर्तन पाऊण मिनिटाच्या पुढेच जात असेल. तबल्यावर चोविशीतला एक काटकुळा मुलगा, फारच गोड ठेका. चार-पाच आवर्तनं झाली, ती मंद्रातून वर सरकत मध्यमावर आली. 'धागे तिरकिट' वाजलं. तिच्या स्वरांची ठेवणही अशी की आता मुखडा, बंदिशीची सुरुवातीची ओळ, उचलून समेवर येणारच. मी पुढे सरकलो, हात वर गेला, आणि अगदी मनापासून, पोटातून, मोठ्यांदा म्हणालो, "वा!"

कत्.

रव्या, सम नव्हती ती, आवर्तनाची पहिली मात्रा, जिथे दाद द्यायची. सातवी मात्रा होती. खाली होती खाली, जिथे टाळी नाही, हात नुसता हवेत जातो! तुला सांगायला नको, पण मला स्वतःलाच सांगून घ्यायचं आहे. एकतालात धागे तिरकिट दोनदा येतं, तिसऱ्या-चौथ्या मात्रेला एकदा आणि नवव्या-दहाव्याला एकदा. मी पहिल्याला दुसरं समजलो. पुढचं 'तू ना' मला 'धी ना' वाटलं. 'धी'ला बाया, डावा तबला, घुमतो, 'तू'ला तो गप्प असतो, हे तू मला कॅनॉलरोडवर चालताना किती वेळा मांडीवर वाजवून दाखवलं होतंस? शंभरदा. माइक असता तर घुमारा छातीवर आदळतो, कळून येतं, अशी एक सबब मी घरी येताना रिक्षात शोधून काढली. टिकत नाही. दोन हातांवर बसलो होतो मी.

तरी चूक होणं वेगळं. त्या वेळी तिथं जे झालं त्यानं झोप गेली आहे. माझ्यामागून आणखी तीन-चार जणांनी "वा, क्या बात है" केलं! पांढरे केस, पहिली रांग, झब्बा, त्यांना वाटलं या म्हाताऱ्याला काहीतरी कळलं. गाणारीनं क्षणभर डोळे उघडले, तबलेवाल्याकडे बघितलं. त्यानं मान खाली घातली. ती पुढे गेली, बरोबर समेवर आली, आणि त्या खऱ्या समेला कुणाच्याही तोंडून शब्द आला नाही. सगळी दाद मी खालीवर सांडून ठेवली होती.

सवाईत हजारोंच्या गर्दीत एकाची दाद चुकली तर टाळ्यांत विरघळून जाते. पंचावन्नांत नाही विरघळत. ती तशीच खोलीच्या मध्यावर बसून राहते. पुढचा सगळा मालकंस मी त्या दादेकडे बघत ऐकला. द्रुतमध्ये तिनं काय केलं विचारशील तर मला सांगता येणार नाही. बँकवाले गृहस्थ म्हणाले, फार छान झालं.

आणि आता ते सांगतो जे नलूलाही सांगितलेलं नाही.

भारत गायन समाजात आपण बसायचो, तू माझ्या उजव्या हाताला. तुझं तर्जनीचं बोट गुडघ्यावर चालायचं. सम आली की ते बोट थांबायचं आणि गुडघ्यावर टेकायचं. मी त्या बोटाकडे बघायचो रे. रोज नाही, पण बघायचो. बोट टेकायच्या आत माझी "वा" तयार असायची. तू स्वतः कधी दाद द्यायचा नाहीस, तुझं आपलं नाकातून 'हं'. आप्पा सगळ्यांना सांगायचे, मध्याचा कान तयार आहे. कान कसला, डोळे तयार होते. त्यातलाही एक आता प्लास्टिकच्या भिंगाचा.

तू कोल्हापूरला गेलास आणि त्यानंतर मी छोट्या बैठकीत पुढे बसलोच नाही. कारणं सांगायचो, गुडघे, गर्दी, नलूला वेळ होतो. तुझं ते वाक्य आलं तेव्हा राग का आला हे तुला आता कळलं असेल. तुला कळलं होतं की नाही, एवढंच मला कळत नाही. बोटाचं माहीत होतं का तुला? खरं सांग. कारण मला आज बैठकीपासून असं वाटतंय की मधेमधे तू ते बोट मुद्दाम अर्धी मात्रा आधी टेकवायचास, मला पाडायला. १९८८च्या त्या जयंतीच्या कार्यक्रमात मी अशीच दाद दिली होती आणि तू म्हणालास, अनागत होती, गवयानं मुद्दाम आधी घेतली. होती का रे अनागत? की तू मला वाचवलंस? की तूच पाडलंस आणि मग वाचवलंस? तू मिरजेहून तंबोरा आणताना कराडच्या स्टँडवर भोपळा फोडून माझ्यावर ढकलणारा माणूस, तुझा भरवसा नाही. तो भोपळा मी फोडला नाही. मी तिकिटाच्या रांगेत होतो. एकदा लिहून दे.

तरीही एक सांगतो. तार मध्यमाला उतरली तेव्हा पोटात जे हललं ते कुणाच्या बोटाकडे बघून नव्हतं. ते माझं. मोजता येत नाही म्हणून ऐकू येत नाही असं नाही ना? यावर तू वाद घालशील. घाल.

अजून संपलं नाही. खरी गंमत चपला शोधताना झाली. तो तबल्याचा मुलगा पिशवी खांद्याला लावून जिन्यात आला आणि चक्क माझ्या पाया पडला. म्हणाला, "काका, तुम्ही तबला शिकलात का?" मी म्हटलं, का रे बाबा? तर म्हणतो, "त्या आवर्तनात मी 'कत्' जरा वेगळा घेतला होता, दाबून, उशिरानं. कुणाच्या लक्षात येत नाही तो. तुम्ही नेमकी तिथेच दाद दिलीत. मला इतकं बरं वाटलं की ताई बघत होत्या तरी मला हसू आवरेना."

आणि मी काय म्हणालो असेन? सांग बघू.

मी म्हणालो, "कान लागतात थोडे."

देवाशप्पथ हेच म्हणालो. वर त्याच्या पाठीवर थाप मारली. रिक्षात बसल्यावर घाम फुटला. एवढंसं पोर, त्याला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की कुणीतरी आपली एक बारीक जागा ऐकली, आणि ती ऐकणारा मी! खरं सांगितलं तर त्याचं तोंड पडेल, न सांगावं तर मी हा असा. नलूला अर्धवट सांगितलं तर ती म्हणाली, "मग बिघडलं काय? त्याला आनंद झाला ना?" तिला भावगीतं आवडतात.

तुझं काय चाललंय? वहिनींना गुडघ्याचं ऑपरेशन करून टाकायला सांग, घाबरण्यासारखं नाही. चिनूचं बंगळुरूचं जमलं हे बंड्याकडून कळलं, तू कळवलं नाहीस, बरोबरच आहे. देवल क्लबात जातोस का अजून? की तिथेही कोपऱ्यात बसून नुसतं 'हं'?

तर मुद्द्याचं. शिऱ्याकडे पुढची बैठक आहे पुढच्या महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी. त्याच मुलाचं सोलो. झपताल. जिन्यातच त्यानं सांगून टाकलं, "काका, तुम्ही समोरच बसा, आणि हातावर ताल धरा, मला आधार होईल." मी मान डोलवली. मान तेवढी फार छान डोलते माझी.

तू शनिवारी कोयनेनं ये. जागा आहे, वरची खोली मोकळीच असते. नलू तुझ्यासाठी थालीपीठं करील. बोट गुडघ्यावर नीट, वेळेवर टेकव, चावटपणा करू नकोस. आणि माझ्या उजवीकडे बस, डाव्या डोळ्याचं अजून व्हायचं आहे.

तुझा,
मध्या

ता. क. शालीखालचं पत्र पुन्हा वाचलं. खाली कोपऱ्यात तू पेन्सिलनं 'राग मानू नकोस' लिहिलं होतंस. एवढं बारीक कोण लिहितं?