गोव्यातलं इन्क्विझिशन चूक होतं, पण कोणाच्या मापाने?

प्रिय पक्या,

तुझा लांबलचक व्हॉइस मेसेज अर्धा लोकलमध्ये ऐकला आणि उरलेला घरी येऊन, आणि म्हटलं याला चॅटवर उत्तर देण्यात अर्थ नाही, सरळ पत्रच लिहू. तुझं म्हणणं काय, तर सत्य-बित्य असं एक काही नसतं, ज्याचं त्याचं आपापलं असतं, आणि सत्य एकच आहे असं ज्यांना वाटलं त्यांनी गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्माविरुद्ध वागणाऱ्यांना शिक्षा करणारं चर्चचं कोर्ट, आणून काय केलं ते बघ. बरोबर नस पकडलीस रे! आमची वसई 1739 पर्यंत पोर्तुगीजांकडेच होती, त्या कोर्टाचा हात इथपर्यंत पोचायचा, म्हणजे हा विषय आमच्या घरचाच.

तर आधी हे सगळं कबूलच करतो. 1560 ला सुरू झालं, मधली चार वर्षं बंद, मग परत चालू, ते 1812 ला कायमचं संपलं. आणि ते गोव्यात आणा असं पोर्तुगालच्या राजाला 1546 मध्ये पत्र कोणी लिहिलं, तर संत फ्रान्सिस झेवियरने, ज्याच्या शवदर्शनाला ओल्ड गोव्यात एवढी गर्दी होते. मी पण त्या लाइनीत उभा राहिलोय, आणि परत राहीन, पण ते पत्र लिहिलं होतं ही गोष्ट काही त्याने पुसली जात नाही.

आता गंमत बघ. हा विषय निघाला की आमच्या ख्रिस्ती लोकांतलेच काही जण काय म्हणतात माहितीय? "अरे तो काळच तसा होता, युरोपात सगळीकडे तेच चालायचं, आजच्या चष्म्यातून बघू नका." पक्या, हे तर तुझंच तत्त्वज्ञान आहे! त्या काळाचं सत्य त्या काळाला, आपलं आपल्याला, मग इन्क्विझिटर निर्दोष सुटला की नाही? मला तो सुटायला नकोय. मी म्हणतो ते तेव्हाही चूकच होतं, त्या कोर्टात बसलेल्या एकालाही तसं वाटत नव्हतं तरी चूक होतं, आणि असं म्हणायचं तर काळाच्या, देशाच्या, आणि हो, चर्चच्याही वर काहीतरी माप लागतं. तुझ्याकडे ते माप नाहीये, आणि तरी सगळ्यात जास्त चिडलायस तू.

आणि चिडण्यावरून आठवलं, तुमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीने सिंकिंग फंडातले पैसे फिरवले आणि वर म्हणाला "सगळीकडे असंच चालतं", तेव्हा तू रात्री साडेअकराला फोन करून मला अर्धा तास बडबडलास. तेव्हा नाही म्हणालास की जाऊ दे, त्याचं सत्य वेगळं. बायबलमध्ये संत पौलाने रोमकरांच्या पत्रात लिहिलंय की ज्यांना नियमशास्त्र, म्हणजे देवाचे नियम, मिळालंच नाही त्यांच्याही हृदयावर ते लिहिलेलं असतं. मला त्या रात्री तुझा आवाज ऐकून तेच वाटलं, बोललो नाही एवढंच.

एक मात्र तुझं शंभर टक्के मान्य. बऱ्याच गोष्टी खरंच ज्याच्या त्याच्या असतात. आमची आजी लाल लुगडं नेसून मिस्साला जायची, आणि देवाला त्याचं काही वाटलं असेल असं मला तरी वाटत नाही. 1736 चा इन्क्विझिशनचा हुकूम वाच कधीतरी, ख्रिस्ती झालेल्यांनी तुळस लावायची नाही, लग्नात हळद नाही, कोकणी गाणी नाहीत, अगदी कपड्यांपर्यंत गेलेत. म्हणजे जे रीतिरिवाज होते त्यांना पाप ठरवलं, आणि माणसाला कोंडणं, छळणं हे जे खरोखरचं पाप होतं त्याला सत्याची सेवा म्हटलं. सत्य एकच आहे असं मानल्यामुळे हे झालं असं तुला वाटतं, मला वाटतं ते आपल्या खिशात आहे असं मानल्यामुळे झालं. या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

अजून एक सांगतो, 12 मार्च 2000 ला पोप दुसरे जॉन पॉल यांनी सेंट पीटर्समध्ये चर्चच्या पापांबद्दल जाहीर क्षमा मागितली, त्यात एक कबुली होती ती सत्याच्या सेवेत केलेल्या पापांची, आणि ती वाचली कार्डिनल रॅट्झिंगरने. पाच वर्षांनी, स्वतः पोप व्हायच्या आदल्या दिवशी, याच माणसाने प्रवचनात सापेक्षतावादाच्या, म्हणजे तुझ्या त्या "ज्याचं त्याचं सत्य"च्या, हुकूमशाहीबद्दल इशारा दिला. लोकांना हे उलटसुलट वाटतं, मला नाही वाटत. माप आहे असं मानणाऱ्यालाच आपण त्यात कमी भरलो असं म्हणता येतं ना, नाहीतर क्षमा मागायची कशाची, फॅशन बदलल्याची?

आणि योहानाच्या शुभवर्तमानातला पिलात घे, येशूचा न्याय करायला बसलेला रोमन सुभेदार. "सत्य काय आहे?" असं विचारतो आणि उत्तराला थांबतही नाही, बाहेर जाऊन लोकांना सांगतो की मला याच्यात काही दोष सापडत नाही, आणि तरी क्रुसावर पाठवतो. सत्याबद्दल खांदे उडवणारा आणि हातात सत्ता असलेला, दोन्ही एकच माणूस. आमची श्रद्धा अशी की "मार्ग, सत्य व जीवन मीच आहे" असं म्हणणारा समोर आरोपी म्हणून उभा होता, हात बांधलेला. मग गोव्यात ज्यांनी माणसं बांधून आणली ते कोणाच्या खुर्चीत बसले होते सांग? ख्रिस्ताच्या तर नक्कीच नाही.

आता तू म्हणशील की हे माप देवाने नाही, समाजाने बनवलंय, माणसाला एकत्र राहायला सोयीचं म्हणून. म्हण, पण मग 1736 च्या गोव्यात समाजाचे नियम कोण बनवत होतं, आणि ते तू कशाच्या जोरावर मोडीत काढतोयस, एवढं मला लिहून कळव. व्हॉइस मेसेज नको, लिहूनच.

तुझा,
वसईकर