‘पारंपरिक’ म्हणण्याआधी चौकशी करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात शहरातल्या एका मैफलीत एक तरुण गायिका मारुबिहाग राग फार मन लावून गायली. विलंबितानंतर, म्हणजे संथ लयीतल्या गायनानंतर, तिने ‘जागू मैं सारी रैना’ ही बंदिश घेतली आणि सभागृहातून भरभरून दाद आली. निवेदकाने मात्र आधीच सांगून टाकलं होतं, ‘आता एक पारंपरिक चीज.’ ही चीज, म्हणजे बंदिश, पारंपरिक नाही, ती गायिका डॉ. प्रभा अत्रे यांची आहे. प्रभाताई जानेवारी २०२४ मध्ये गेल्या. एवढ्यातच त्यांची रचना बेवारशी व्हावी, याचं फार वाईट वाटलं.

मी जुळे सोलापुरात गाण्याचा क्लास घेते. दुसऱ्या दिवशी मुलींच्या वह्या उघडून बघितल्या. प्रत्येक पानावर लाल शाईने राग आणि ताल, खाली स्थायी-अंतरा हे चीजेचे दोन भाग, समेची खूण. चीज कुणाची, ते एकाही पानावर नव्हतं. मीच कधी लिहून दिलं नव्हतं.

सदारंग, प्रेमपिया, गुणिदास ही रचनाकारांची नावं टिकली, कारण ती अंतऱ्यातच गुंफलेली असतात. गाणाऱ्याला ती घ्यावीच लागतात. जिथे अशी मुद्रा, म्हणजे रचनेत गुंफलेलं नाव, नाही तिथे नाव सांगणाऱ्याच्या भरवशावर राहतं आणि बायकांचं नाव आधी गळतं. गायिकेला आपण डोक्यावर घेतो, पण चीज तिने बांधली असेल हे मनातही येत नाही. प्रभाताईंनी ‘अपूर्व कल्याण’सारखा राग रचला, बंदिशींची पुस्तकं काढली. अश्विनी भिडे-देशपांडे यांचं ‘रागरचनांजली’ आहे. ‘म्हारो प्रणाम’ घरोघरी ऐकतात, पण मीरेच्या त्या पदाची चालही किशोरीताई आमोणकरांचीच, हे किती जणांना ठाऊक आहे?

युरोपात तरी काय वेगळं घडलं? जर्मन संगीतकार फॅनी मेंडेल्सोनची काही गाणी धाकट्या भावाच्या, फेलिक्सच्या नावावर छापली गेली. १८४२ मध्ये राणी व्हिक्टोरियाने त्यातलंच एक त्याच्यासमोर गायलं, तेव्हा ते बहिणीचं असल्याचं त्याला कबूल करावं लागलं.

आपल्या दैनिकात मैफलींचे वृत्तांत येतात. राग, ताल, तबला-हार्मोनियमचे साथीदार, सगळं आवर्जून असतं. त्याच ओळीत बंदिश कुणाची तेही छापावं, ही कळकळीची विनंती. बातमीदार विचारू लागले की निवेदकही गायकांना आधीच विचारून ठेवतील. दिवाळी पहाटच्या मैफलींपासून सुरुवात करता येईल. आमच्या वह्यांत लाल शाईची तिसरी ओळ या सोमवारपासून सुरू झाली आहे.

आपली,
एक संगीतशिक्षिका, जुळे सोलापूर