मेडिकलमधल्या ट्यूबने माझं तोंड भाजलं

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

पेपरला पत्र लिहायची माझी ही पहिलीच वेळ, त्यामुळे काही मागंपुढं झालं तर सांभाळून घ्या. खड्डे, गटार, पाणी यावर लोक लिहितातच, मी पिंपल्सवर लिहितोय. हसायला येईल, हरकत नाही, हसून झालं की वाचा. पोरींसाठी पुरवणीत हळद-चंदनाचं पान तरी असतं, पोरानं तोंडाबद्दल काही बोललं की "काय बे, तू काय पोरगी हाईस काय" हे ठरलेलं, त्यामुळे आम्ही कुणाला विचारत नाही आणि गुपचूप मेडिकलमध्ये जाऊन कायतरी घेऊन येतो. माझं तेच झालं.

मी अनगोळचा, वय २५, डिप्लोमा करून उद्यमबागेत सीएनसी मशीनवर आहे. पिंपल्स दहावीपासून. आधी कपाळावर, मग गालावर, हनुवटीवर, पाठीवर, नुसते पुरळ नव्हे तर पू धरलेले ठणकणारे, एक बसला की शेजारी दुसरा तयार, आणि बसलेल्याच्या जागी लाल डाग तो महिनोन्महिने तसाच. दाढी करताना ब्लेड कुठनं न्यायचं आणि कुठनं नाही याचा नकाशा पाठ होता मला. आजी म्हणायची लग्न झालं की जातंय बघ. शेजारच्या काकू म्हणायच्या, "याचं पोट साफ होत नाही वो, एरंडेल द्या." दिलं, त्या दिवशी कॉलेज बुडालं एवढाच फायदा. लिंबू चोळलं, टूथपेस्ट लावली, मुलतानी माती झाली. दुधाचं गोड सोड म्हणाले म्हणून सहा महिने कुंदा सोडला, बेळगावात राहून कुंदा सोडणं काय असतंय ते बेळगावकरालाच कळेल, पण पिंपल्सना त्याचं काही पडलेलं नव्हतं.

तर तीन वर्षांपूर्वी आपल्या शिवजयंतीच्या मिरवणुकीत आमच्या गल्लीच्या चित्ररथावर मला मावळ्याचं काम मिळालं. अख्खं बेळगाव रात्रभर रस्त्यावर असतंय, घरचे, पाव्हणे, कॉलेजच्या पोरी, आणि माझ्या गालावर तेव्हा दोन असे उठलेले की फेट्यापेक्षा तेच आधी दिसावेत. तालमीतला एक दोस्त म्हणाला, मी नायट्याला एक ट्यूब लावतोय, लई भारी हाय, तोंडाला पण चालतंय. मेडिकलमध्ये गेलो, नाव सांगितलं, त्यानं मान पण वर केली नाही, ट्यूब काउंटरवर टाकली आणि दुसऱ्या गिऱ्हाईकाकडं वळला. चिठ्ठी बिठ्ठी काही नाही, कशाला पाहिजे ते पण विचारलं नाही. मी पण सांगितलं नाही म्हणा.

आणि खरं सांगतो, जादू झाली. चार दिवसात सूज गेली, लाली गेली, आठव्या दिवशी तोंड असं साफ की आईनं विचारलं फेशियल केलास काय. मिरवणुकीचे फोटो अजून आहेत माझ्याकडे, दहावीनंतरचे माझे चांगले फोटो म्हणजे तेवढेच. मग सोडतोय कशाला. रोज रात्री आंघोळ करून लावायचं, संपली की दुसरी आणायची, असं दीड वर्ष चाललं. मेडिकलवाला नंतर मला बघूनच काढून द्यायचा.

गडबड कधी सुरू झाली ते नेमकं सांगता येणार नाही, हळूहळू झालं. दोन दिवस गावाला गेलो आणि ट्यूब घरी राहिली की तिसऱ्या दिवशी तोंड पेटायचं. लावलं की थंड. मी समजायचो आपले पिंपल्स फार जोरात आहेत म्हणून औषध सोडून चालत नाही. पुढं पुढं लावून पण जमेना. अनगोळहून उद्यमबागेला बाइकवर दहा मिनिटं लागत नाहीत, तेवढ्या उन्हात गाल तव्यावर ठेवल्यासारखे व्हायचे, साध्या पाण्यानं तोंड धुतलं तरी चुरचुर. पुरळ परत आलं पण वेगळंच, सगळे दाणे एका मापाचे, बारीक, लालभडक, आणि नाकाच्या बाजूला कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक लाल शिरा दिसायला लागल्या. शॉपमधली पोरं म्हणायची, "काय गा, रात्री जास्त झाली वाटतं." सुरुवातीला मी पण हसायचो.

मग पोरगी बघायला खानापूरकडं गेलो. पोहे झाले, बोलणं बरं झालं, आणि निघताना अंगणात पोरीच्या मामानं मध्यस्थाला बाजूला घेऊन विचारलं, पोरगा पितो काय हो, तोंड असं लाल का? मी चप्पल घालत होतो, मला सगळं ऐकू आलं. आमच्या घरात सुपारी पण खात नाहीत. परतीच्या वाटेवर गाडीत बाबा एक शब्द बोलले नाहीत आणि मी खिडकीबाहेर बघत बसलो. नकार आला तो पत्रिका जुळत नाही म्हणून, आता पत्रिकेला कोण काय विचारणार.

त्याच आठवड्यात स्किनच्या डॉक्टरकडे गेलो. मॅडम कन्नडमध्ये सुरू झाल्या, मी "स्वल्प स्वल्प बरतद" म्हटल्यावर हसल्या आणि मोडक्यातोडक्या मराठीत बोलायला लागल्या, आमचं चांगलं जमलं. तोंडाकडं बघून पहिला प्रश्न, काय लावताय? मी म्हटलं काही विशेष नाही. "ट्यूब आणलाय काय?" ती खिशातच होती, तोपर्यंत मी ती रुमालासारखी बरोबर घेऊन फिरायचो. त्यांनी भिंग घेतलं आणि ट्यूबच्या मागची मुंगीएवढी अक्षरं मला वाचायला लावली. क्लोबेटासोल. त्याच्या पुढं एक अँटिबायोटिक आणि एक बुरशीचं औषध. म्हणाल्या, हे पहिलं नाव स्टिरॉइड आहे, आणि मलमात मिळणाऱ्या सगळ्यात कडक स्टिरॉइडपैकी एक. जाड झालेल्या कातडीला, तेही डॉक्टरच्या सांगण्यावरून थोडेच दिवस लावायची वस्तू, ती तुम्ही दीड वर्ष तोंडाला लावलाय.

त्यांनी जे समजावलं ते माझ्या भाषेत सांगतो. पिंपल म्हणजे केसाच्या मुळाशी तेलाची ग्रंथी असते, तिचं तोंड मेलेल्या कातडीनं बुजतं, आत तेल साठतं, जंतू वाढतात, मग शरीर त्याच्याशी भांडतं म्हणून लाल होतं, सुजतं. स्टिरॉइड हे भांडणच बंद पाडतं आणि बारीक रक्तवाहिन्या आवळून धरतं, म्हणून चार दिवसात तोंड गोरंगोमटं. पण ग्रंथी तशीच बुजलेली, जंतू तसेच, उलट त्यांना मोकळं रान. कातडी पातळ होत जाते आणि मलम थांबवलं की आवळलेल्या वाहिन्या एकदम सुटतात, सगळं तोंड पेटतं, माणूस घाबरून परत लावतो. दारूचं असतंय तसंच हे म्हणाल्या. मला तो मामा आठवला, तसा तो अगदीच चुकला नव्हता.

आणि हे माझ्या एकट्याचं नाही. देशभरातल्या बारा ठिकाणी तोंडाच्या तक्रारी घेऊन आलेले २,९२६ पेशंट डॉक्टरांनी तपासले होते, २०११ साली ते छापून आलं, त्यातले ४३३ जण तोंडाला असलंच स्टिरॉइड लावत होते. म्हणजे सात जणांत एक. माझ्या तालमीतल्या दोस्ताचं सांगायचं तर त्याचा नायटा अजून गेलेला नाही, उलट पोटापर्यंत आलाय, कारण बुरशीला पण असल्या मलमानं मोकळं रानच मिळतंय, वर आपल्याकडचा पावसाळा, चार महिने कपडे वाळत नाहीत.

ट्यूब सुटल्यावरचे पहिले तीन आठवडे मी कुणाला सांगत नाही. तोंड सुजलेलं, रात्री झोप नाही, ओला सुती रुमाल गालावर ठेवून पडून राहायचो, सुपरवायझरला सांगून नाइट शिफ्ट मागून घेतली म्हणजे माणसं कमी बघतील. मॅडमनी डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या दिल्या, साधं मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन. एवढंच. मला वाटलं फसवालेत. पण कातडी शांत झाल्यावर मग पिंपल्सचं खरं औषध आलं, रात्री अ‍ॅडापलिन, अख्ख्या तोंडाला मिळून एका वाटाण्याएवढं, आणि सकाळी बेंझॉइल पेरॉक्साइड. सुरुवातीला कोरडं पडेल, सोलेल, दोन-चार आठवडे जास्तच वाटेल, तीन महिने झाल्याशिवाय मला तोंड दाखवू नका म्हणाल्या. तीन महिने! जो माणूस चार दिवसात गोरा झालेला त्याला तीन महिने म्हणजे काय. पण तेवढेच लागले. शिरा थोड्या अजून दिसतात, डाग फिके झालेत.

त्या बेंझॉइलचं एक सांगायचं राहिलं. ते कापडाचा रंग खातं. आईनं खडे बाजारातनं नवा निळा टॉवेल आणलेला, आठ दिवसात त्यावर पांढरे ढग. आईला वाटलं रंग कच्चा, ती गेली दुकानात आणि असं भांडली की त्यानं बिचाऱ्यानं बदलून दिला. दुसऱ्यावर पण ढग. तोवर मला मॅडमनी कारण सांगितलं होतं.

अजून एक गोष्ट कामाची आहे, उद्यमबागेतल्या पोरांसाठी. मॅडमनी विचारलं काम काय करता, शर्टाच्या बाह्या वर करा. हातावर कोपरापर्यंत काळे बारीक दाणे होते, मी ते कधी मोजलेच नव्हते. मशीनवर धातू कापताना तो तापू नये म्हणून सोडतात त्या कूलंटचं आणि कटिंग ऑइलचं तेल केसांच्या मुळाशी बसतं आणि छिद्र बुजवतं, आणि आम्ही काय करतो, मशीनवरचा तेलकट जॉब, म्हणजे कापलेला तुकडा, पुसलेल्या चिंधीनंच कपाळाचा घाम पुसतो. दहा वर्षं मी कुंद्याला शिव्या घातल्या. आता डब्यात वेगळा नॅपकिन नेतो, शिफ्ट सुटली की आधी साबणानं हाततोंड, तेलकट शर्ट घरी येऊन लगेच बदलायचा. बाकीच्यांना सांगितलं तर म्हणतात हिरो झालाय.

आता तक्रार. कोणत्या दुकानानं दिली ते मी लिहिणार नाही, कारण नाव लिहिलं तर एकच दुकान वाईट आणि बाकीची धुतल्या तांदळासारखी असं होईल, तसं काही नाही. मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारनं चौदा स्टिरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत, शेड्यूल एचच्या औषधावर तसं छापलेलं पण असतं. छापलेलं असतं इंग्लिशमध्ये, भिंगातनं वाचायच्या अक्षरात. सरकारी दवाखान्यातले बोर्ड कन्नडमध्ये. माझी आजी, माझी आई, तालमीतली निम्मी पोरं यांनी वाचायचं काय? सीमाप्रश्न २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, तो सुटेल तेव्हा सुटेल, पण मेडिकलच्या काउंटरवर "हे मलम चिठ्ठीशिवाय तोंडाला लावू नका" एवढी एक ओळ मराठीत चिकटवायला कुणाचा निकाल लागतोय? आणि आपल्या लोकांना वाटत असेल तिकडं महाराष्ट्रात सगळं नियमानं चालतंय, तर मी शिनोळीला पण जाऊन बघितलं, बेळगावपासनं जवळच, चंदगड तालुका. तीच ट्यूब, तशीच काउंटरवर टाकली, चिठ्ठी मागितली नाही. या एका बाबतीत दोन्ही राज्यांचं एकमत आहे.

म्हणून विनंती एवढीच की पुरवणीतल्या त्या हळद-चंदनाच्या पानावर एकदा चौकट करून ही नावं मराठीत छापा: क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन. गोरं करायच्या म्हणून मिळणाऱ्या कितीतरी क्रीममध्ये पण यातलं एखादं असतं, मागं वाचल्याशिवाय कळत नाही. ज्याच्या घरात अशी ट्यूब चालू असेल त्यानं हे वाचून ती रागानं फेकून देऊन गप्प बसू नये, मग काय होतंय ते वर लिहिलंय, ट्यूब हातात घेऊन तशीच स्किनच्या डॉक्टरकडे जावं. सरकारी दवाखान्यात पण दाखवता येतं, लाइन मोठी असते, डबा घेऊन जा.

आपला नेहमीचा वाचक,
अनगोळ, बेळगाव

ता.क. नाव छापू नका. आई पेपर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचते आणि टॉवेलचं मी तिला अजून सांगितलेलं नाही.